मरणाचं लाल पाकीट

लाओ ग्वान टीव्हीवर किती वेळा मेला ते मला विचारू नका, मी मोजणं कधीच सोडून दिलं. तो खोकून मेला, जपान्यांच्या गोळीनं मेला, बादशहाच्या हुकमानं विष पिऊन मेला, आणि एकदा तर नुसतं सुनेचं बोलणं ऐकून जागच्या जागी गेला. आमच्या शेनयांग शहरात अजूनही लोक त्याला रस्त्यात अडवून विचारतात, "अहो, तुम्ही ते दुसऱ्याच भागात जाणारे आजोबा ना?" 'लाओ' म्हणजे नुसतं म्हातारा; त्याचं खरं नाव ग्वान युनताओ आहे हे कुणाला ठाऊक नसतं. मी बायको आहे म्हणून मला ठाऊक आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नट पडद्यावर मेला, किंवा त्याचा फोटो मेलेल्या माणसाचा म्हणून भिंतीवर टांगला, तर त्याच दिवशी त्याच्या हातात पैशांचं लाल पाकीट पडलंच पाहिजे. खोट्या मरणाची खरी बाधा लागू नये म्हणून. आणि ते पैसे घरी आणायचे नसतात, बाहेरच्या बाहेर उडवून टाकायचे. त्यामुळे चित्रीकरण संपलं की त्याचा फोन यायचा, "मेलो गं! ये लवकर!" की मी बूट चढवून स्टेशनामागच्या खानावळीत हजर. मालकीण आम्हाला बघूनच आंबट-गोड मांसाची थाळी सांगायची आणि विचारायची, "आज कशानं गेले?" माझ्या अंगावर जे काही मांस आहे ते लाओ ग्वानच्या मरणांवर चढलेलं आहे.

पण टीव्ही हा पोटाचा उद्योग. त्याचा जीव होता नाटकात. तो मूळचा कारखान्यातला, लेथवर काम करणारा. कामगारांच्या हौशी नाटकातून त्याला शहराच्या नाट्यमंडळीनं उचललं, आणि उचलून विंगेत उभं केलं. आमच्याकडे नव्या पोरांना आधी रंगमंचावर सोडत नाहीत. पडद्यामागे उभं राहून त्यांनी गल्ली उभी करायची. कुणी गरम पाव विकायचे, कुणी टोफू, कुणी जुनी भांडी मागत फिरायचं. प्रेक्षकाला माणूस दिसत नाही, नुसती आरोळी ऐकू येते. मी त्याच अंधारात आवाज करणारी बाई. पत्रा हलवून वादळ करायचे, सुपात वाटाणे फिरवून पाऊस पाडायचे. आणि हा माझ्या कानाशी उभा राहून ओरडायचा, "कात्रीलाऽऽ धार! सुरीलाऽऽ धार!" शेवटी कान वाचवायचे तर याला दुसरं काहीतरी बोलायला लावलं पाहिजे, म्हणून मी लग्न केलं.

मग 'पश्चिम गल्ली' हे नाटक आलं आणि त्यात धारवाल्या म्हाताऱ्याचं काम याला मिळालं. त्या वेळी हा पंचविशीतसुद्धा नव्हता. आमच्या मंडळीचा नियम असा, की ज्या माणसाचं काम करायचं त्याच्यात जाऊन राहायचं. हा पूर्ण हिवाळा बियान नावाच्या एका खऱ्या धारवाल्याच्या मागे दगड बसवलेला बाक खांद्यावर घेऊन हिंडला. परत आला तेव्हा नखं काळी, कान थंडीनं सुजलेले, आणि बोलण्याची तऱ्हाच बदललेली. सुरी दगडावरून पुढे जात असताना बियान बोलत नसे, हात हलतो आणि धार बिघडते. सुरी मागे ओढताना बोलायचा. हा घरी कोबी चिरतानाही तसाच तुकड्या-तुकड्यानं बोलायला लागला, तेव्हा मी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली.

ते काम मग त्याचंच झालं. नाटकाच्या शेवटी गल्ली पाडायला घेतलेली असते, माणसं निघून गेलेली असतात, आणि हे ठाऊक नसलेला धारवाला नेहमीसारखा येतो. आरोळी देतो. कुणी बाहेर येत नाही. मग तो त्या बंद दारांशी बोलतो. छोटंसं भाषण आहे. पण लाओ ग्वान ते बोलायचा तेव्हा विंगेत माझ्या हातातलं सूप थांबायचं.

गेल्या वसंतात त्याला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. सगळं समजायचं, पण शब्द सापडायचे नाहीत. पाणी हवं असलं की तोंडातून 'खिडकी' यायचं. मी खिडकी उघडली की हा संतापून कप आपटायचा. आमच्या घरात तेव्हा एकही कप धड राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, या वयात जेवढं परत येईल तेवढ्यावर समाधान माना. मला त्या डॉक्टरला टीव्हीतलं विष पाजावंसं वाटलं.

पहिला फोन एका मालिकेवाल्यांचा आला. "काकू, सरांना त्रास द्यायचाच नाहीये. फक्त एक फोटो पाठवा. आजोबा आधीच वारलेले दाखवायचेत." मी काही म्हणायच्या आत लाओ ग्वाननं डाव्या हातानं फोन ओढला आणि बंद केला. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून निजून होता.

मग एका सकाळी आमच्या इमारतीखाली धारवाला आला. आता ते तीनचाकीवर येतात आणि भोंगा लावतात. आरोळी एकदाच भरून ठेवलेली, तीच आपली फिरत राहते, ती देणारा माणूस बाजूला बसून मोबाइल बघत असतो. लाओ ग्वान काठी टेकत उठला, त्यानं खिडकी उघडली, आणि छाती भरून घेऊन ओरडला,

"कात्रीलाऽऽ धार! सुरीलाऽऽ धार!"

अख्खी आरोळी, एकही अक्षर न चुकता. खालच्या भोंग्याचं काही चाललं नाही. मी पीठ मळत होते, तशीच पिठाच्या हातांनी धावले. समोरच्या इमारतीतल्या दोघीतिघी सुऱ्या घेऊन खाली उतरल्या. तीनचाकीवाल्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, रोज ओरडणार का? अर्धी कमाई तुमची!"

"पाणी म्हण," मी म्हटलं. "लाओ ग्वान, पाणी म्हण."

तो म्हणाला, "खिडकी." आणि मग आम्ही दोघं रडलो आणि हसलोही. म्हणजे आवाज आत होता. सुराला लटकून बाहेर येत होता, नुसता येत नव्हता. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं. काय ठरवलं हे तो सांगू शकत नव्हता, पण पहाटे उठून टोपी घालून दारात उभा राहायला लागला. आम्ही हुन नदीच्या काठी जायचो. तो आरोळीच्या चालीवर 'पाणी' म्हणायचा, 'भात' म्हणायचा, 'म्हाताऱ्येऽऽ' म्हणायचा. ताई-ची व्यायाम करणारी मंडळी आम्हाला वळसा घालून जायची.

शरदात निए वेई घरी आली. आमच्या मंडळीची आताची दिग्दर्शिका. हुशार पोरगी, हात सढळ, बोलणं मात्र जरा भावनेनं ओथंबलेलं. म्हणाली, "मंडळीच्या वर्धापनदिनाला 'पश्चिम गल्ली' करतोय. सर, धारवाला तुम्हीच. तुमच्याशिवाय मी ते नाटक करणार नाही."

लाओ ग्वानचा चेहरा असा उजळला की मी तोंड फिरवलं. "तिला चहा दे," हे त्यानं आरोळीच्या चालीवर सांगितलं. निएला हसावं की रडावं कळेना.

पहिल्या तालमीला मी त्याला घेऊन गेले. तिथे म्हातारा फू होता, आमच्याच काळातला नट, आता कानांनी पुरता गेलेला. तो तालमींना येऊन शेवटच्या रांगेत बसतो, घरी बायको बोलते तेही ऐकू येत नाही म्हणून. लाओ ग्वानला बघून ओरडला, "आलास का? मला वाटलं, टीव्हीनं तुला एकदाचं गाडलं!"

लाओ ग्वाननं बाक खांद्यावर घेतला, डाव्या. रंगमंचावर आला आणि आरोळी दिली. विंगेतली पोरं थिजली. मग तो भाषणासाठी पुढे आला, तोंड उघडलं, आणि वरून भोंग्यातून त्याचा आवाज आला. वीस वर्षांपूर्वीचा. कधीकाळी टीव्हीवाल्यांनी नाटकाचं ध्वनिमुद्रण केलं होतं, ते निएनं शोधून काढलं होतं. भरदार, खर्जातला, एकही ओरखडा नसलेला आवाज. लाओ ग्वान तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. खाली दोन पोरी हुंदके द्यायला लागल्या.

"सर, तुम्ही फक्त ओठ हलवा," निए पुढे येऊन म्हणाली. तिचेही डोळे भरलेले. "आवाज तुमचाच आहे. कुणाला कळणारही नाही."

लाओ ग्वान काठी टेकत पायऱ्या उतरला. तिच्यासमोर उभा राहिला आणि डावा तळहात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. यानं तो सोडवला आणि पुन्हा पुढे केला.

"पाणी हवंय का सरांना?"

मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर हसू नव्हतं, रागच होता, पण बाहेर पडला तो हसू होऊन. "पाणी नाही पोरी, पाकीट मागतोय. लाल पाकीट. आत्ता तू त्याला मारलंस ना? मेलेल्या माणसाचा आवाज लावलास. मग रीतीप्रमाणे दे त्याचं त्याला."

निए लालेलाल झाली. मला वाटलं रडेल. पण ती मंडळीत उगाच वर आलेली नाही. म्हणाली, "ठीक आहे." कार्यालयातून लाल पाकीट आणलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "सर, आता माझं ऐका. तिकीट काढून येणारा माणूस तुमची कीव करायला येत नाही. रंगीत तालमीला तुम्ही स्वतःच्या तोंडानं भाषण केलंत आणि शेवटच्या रांगेत ऐकू गेलं, तर हे मला परत करा. नाही तर मी ध्वनिमुद्रण लावणार, आणि पाकीट तुमचं."

"शेवटच्या रांगेत फू बसतो," मी म्हटलं. "त्याच्या कानात ढोल वाजवला तरी तो 'कोण आलंय' विचारतो."

"मग फू सरांनाच ऐकू गेलं पाहिजे," निए म्हणाली.

लाओ ग्वाननं मान हलवली आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

आता तुम्हाला सांगते, ते पाकीट घरात आलं याचा मला किती त्रास झाला. आजवर एकही मरणाचं पाकीट उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. मी म्हटलं, "चल, खाऊन टाकू. तालीम होईल तेव्हा होईल." त्यानं ते टीव्हीवर, अगदी डोळ्यांसमोर, उभं करून ठेवलं. मी झाकायला रुमाल टाकला, त्यानं रुमाल काढला. मी पाकीट कपाटामागे सरकवलं, त्यानं काठीनं ओढून परत उभं केलं. मग मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण जो बोलू शकत नाही त्याच्याशी अबोला धरून बाईला काय मिळणार?

नदीवरचा बर्फ जाड होत गेला. भाषण काही होत नव्हतं. चालीवर म्हटलं की शब्द यायचे, पण ते गाणं व्हायचं, आणि धारवाला काही बंद दारांपुढे गाणं म्हणत नाही. चाल सोडली की दुसऱ्याच शब्दाला पाय अडकायचा. तो थांबायचा, शब्द शोधायचा, चेहरा पिळवटायचा. मी बघू शकत नव्हते. मला दिसत होतं, रंगमंचावर हा असा थांबला तर लोक चुळबुळतील, मग हळहळतील. आणि लोकांनी हळहळलेलं लाओ ग्वानला पाकिटापेक्षा वाईट.

"पुरे," मी एके दिवशी म्हटलं. "ओठ हलव. आवाज तुझाच आहे. काय बिघडतं?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच विष आणलं होतं. मग स्वयंपाकघरात गेला. ओट्यावरची सुरी घेतली, माझा धार लावायचा दगड ओला केला, स्टुलावर बसला. लुळा उजवा हात सुरीच्या पाठीवर नुसता ठेवला आणि डाव्यानं ओढायला लागला. सुरी पुढे. सुरी मागे. पुढे. मागे.

"या दारात," तो म्हणाला. सुरी पुढे गेली. मागे आली. "कात्री होती."

मी मागोमाग आले होते, ती दारातच थांबले. चाल नव्हती, साधं बोलणं होतं. एक शब्द अडला. तो थांबला नाही, घासत राहिला. दगडाचा आवाज तेवढा येत राहिला, सर्र, सर्र. मी जन्मभर आवाजांत काढला आहे. मला कळलं की या थांबण्यात आता काहीही केविलवाणं नाही. माणूस काम करतो आहे, आणि काम करता करता बोलतो आहे. बियान बोलायचा तसा.

"अरे मेल्या!" मी म्हटलं. "हे त्या हिवाळ्यापासून तुझ्याकडे होतं?"

सुरी मागे आली. "विस… रलो," तो म्हणाला.

निएला आम्ही काही सांगितलं नाही. मी माझ्या जुन्या पेटाऱ्यातून जाडसर रव्याचा दगड काढला, नाट्यगृहात दूरवर ऐकू जाणारा. घरच्या सगळ्या सुऱ्या इतक्या धारदार झाल्या की माझी बोटं दिवसाआड कापायची.

रंगीत तालमीला मी शेवटच्या रांगेत फूच्या शेजारी बसले. ध्वनियंत्रावरचा माणूस कळेवर बोट ठेवून तयार, आणि निए त्याच्या पाठीशी. पाकीट लाओ ग्वानच्या झग्यात, छातीशी. मला तेवढंच दिसत होतं, झग्याखालचं न दिसणारं पाकीट.

गल्ली रिकामी झाली. लाओ ग्वान बाक घेऊन आला. आरोळी दिली. कुणी बाहेर आलं नाही. दिग्दर्शिकेनं सांगितलं होतं, पुढे येऊन प्रकाशात उभं राहायचं. हा पुढे आला नाही. बाक खाली ठेवला, त्यावर बसला, दगडावर पाणी शिंपडलं. विंगेतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सुरी पुढे गेली.

सर्र.

"या दारात… कात्री होती." सर्र. "लग्नाच्या… रजया बेतणारी." सर्र. "त्या दारात सुरी होती. वर्षातून एकदा… मांस बघायची." सर्र, सर्र. "धार मी लावली. कापलंत… तुम्ही."

प्रत्येक शब्द घासून निघत होता. आवाज फाटका होता. त्या जुन्या भरदार आवाजातलं काही त्यात नव्हतं. पण तो धारवाला लाओ ग्वानच्या पंचविशीत कधी इतका म्हातारा नव्हता.

आणि मग अडला. "जाताना… जाताना…" पुढचा शब्द येईना. सुरी पुढे गेली, मागे आली. पुन्हा गेली. मी पाहिलं, ध्वनियंत्रावरच्या माणसानं मान वळवली. निएनं हात उचलला. ती त्याला कळ दाब म्हणणार होती. मी उठून ओरडणार होते, तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात लाओ ग्वाननं सुरी थांबवली, मान वर करून बंद दारांकडे बघितलं, आणि छाती भरून घेतली.

"सुरीलाऽऽ धार!"

आरोळी गल्लीभर फिरली. कुणी आलं नाही. त्यानं सुरी पुन्हा दगडावर ठेवली.

"जाताना सुऱ्या… घेऊन गेलात ना?" सर्र. "बोथट झाल्या… तर हाक… कुणाला माराल?"

संहितेत दुसरी आरोळी नव्हतीच. निएचा हात तसाच वर राहिला होता. तो तिनं हळूच खाली आणून कळेवरच्या बोटावर ठेवला आणि ते बोट बाजूला केलं.

शेजारी फू उभा राहिला आणि काठीनं जमीन बडवायला लागला. "ऐकलं!" तो ओरडला. "सगळं ऐकलं! दगडसुद्धा!"

दिवे लागल्यावर निए रंगमंचावर चढली. "सर," एवढंच म्हणाली. लाओ ग्वान बाकावरून उठला. उठताना उजवा पाय लटपटला, पण त्यानं कुणाला धरू दिलं नाही. झग्यातून पाकीट काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"ठेवा ना सर. शुभ म्हणून ठेवा."

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिची बोटं एकेक करून पाकिटावर मिटवली. "परत," तो म्हणाला. मग थांबला. सुरी हातात नव्हती, दगड नव्हता, चाल नव्हती. मला वाटलं, नाही जमणार. "मेलो… नाही."

"काय म्हणाला?" मागून फू ओरडला. "अरे मोठ्यानं बोल की! शेवटच्या रांगेत माणूस बसलाय!"

लाओ ग्वान वळला. अख्ख्या रिकाम्या सभागृहाकडे तोंड केलं, आणि आमच्या सगळ्या आयुष्याच्या आरोळीच्या आवाजात ओरडला, "मेलो नाऽऽही!"

तिथून आम्ही खानावळीत गेलो. मालकिणीनं थाळी सांगितली, टेबल पुसलं, आणि सवयीनं विचारलं, "आज कशानं गेले?"

"आज गेला नाही," मी म्हटलं. "आज पैसे मी देणार."